चार वेळा हवा काढूनही पेडल मऊच: एका फोर्कलिफ्टच्या ब्रेकचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमधून सकाळी साडेसातला फोन आला. "मिस्त्री, फोर्कलिफ्टच्या ब्रेकची हवा निघत नाहीये. चार वेळा काढली. नवीन टाकलेला मास्टर सिलिंडरच खराब निघाला वाटतं. येताना दुसरा घेऊन या." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलणारा पंप. त्या तेलात हवा अडकली की पेडल मऊ लागतं, म्हणून ती काढावी लागते.

फोनवरचं निदान ऐकून पार्ट घेऊन निघायचं नाही, हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. पाने, 60 मिलीची सिरिंज, पारदर्शक नळी, ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या एवढंच गाडीत टाकलं आणि निघालो.

मशीन 2 टनांची, बॅटरीवर चालणारी, बसून चालवायची. तिचं स्वतःचं वजनच साडेतीन टनांच्या आसपास. पुढच्या उचलायच्या काट्यांवर भरलेलं पॅलेट आलं की पाच टनांच्या घरातला ऐवज डॉकच्या उतारावर हलत असतो. ब्रेक फक्त पुढच्या दोन चाकांना, ड्रमचे. मागची चाकं नुसती वळायची. काम ठरलेलं: पॅकिंग झालेलं पॅलेट प्री-कूलिंगमध्ये, तिथून कोल्ड स्टोरेजमध्ये, रात्री कंटेनर लागला की डॉकवर. आत शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता, बाहेर दुपारी तीस अंश. मशीन दिवसभर या दोन हवामानांत ये-जा करतं आणि दर वेळी बाहेर आलं की त्याच्या लोखंडावर दव धरतं. हे दव पुढे या गोष्टीत परत येणार आहे.

ऑपरेटर साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी विचारलं, "मामा, ब्रेक कधीपासून असा?"

"झाला की महिना. पण गाडी थांबते ना."

थांबते, हे खरं होतं. त्यातच खरी मेख होती. बॅटरीच्या फोर्कलिफ्टमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट काम करायला लागते, चाकांनाच ओढ देते आणि थोडा करंट बॅटरीत परत पाठवते. हात बसलेला माणूस दिवसभर ब्रेकच्या पेडलला पाय न लावता मशीन चालवू शकतो. मामांचंही तसंच झालं होतं. ब्रेक महिनाभर मरत होता, पण त्याची कुणाला गरजच पडत नव्हती. आदल्या दिवशी उतारावर एक पोरगा मध्ये आला, मामांनी घाबरून पेडलवर पाय मारला आणि पाय सरळ खाली गेला. हँडब्रेक ओढून निभावलं.

सुपरवायझर साहेबांचं म्हणणं होतं, रात्री न्हावा शेव्याचा कंटेनर भरायचाय, तर मोटरच्या ओढीवर आजचा दिवस काढू. मी नाही म्हटलं. अडचणीत माणूस पहिल्यांदा लाल बटण दाबतो. लाल बटण दाबलं की करंट तुटतो आणि करंट तुटला की मोटरची ओढही जाते. ज्या क्षणी सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी हा ब्रेक गायब. किल्ली काढून खिशात ठेवली. त्यांच्याकडे दोन बॅटरी पॅलेट ट्रक होते, दांडी धरून मागे चालायचे. त्यांवर काम सुरू ठेवलं. त्यांचा ब्रेक विजेचा असतो: स्प्रिंगनं लागतो, कॉइलला करंट मिळाला की सुटतो. दांडी सोडली की गाडी जागच्या जागी उभी. तेल नाही, हवा नाही, माझ्यासारख्याला कामही नाही.

पेडल काय सांगतं

आधी काय काय झालं होतं ते हेल्परकडून काढून घेतलं. टाकीतलं ब्रेक ऑइल खाली जात होतं. गावातल्या मेकॅनिकनं मास्टर सिलिंडर गळतोय असं ठरवून नवीन बसवला. ब्रेक लाइट लागत नव्हती म्हणून तिचा स्विचही बदलला. मग दोघांनी मिळून हवा काढली: एक वर पेडलवर, एक खाली निपलपाशी, म्हणजे चाकाजवळच्या हवा सोडायच्या बारीक स्क्रूपाशी. "मार, मार, दाबून धर, सोड." नळीतून बुडबुडे यायचे बंद झाले तरी पेडल मऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं चार वेळा. दीड लिटर तेल संपलं.

मी पेडलवर बसलो. हवा काढायला घेण्याआधी पाच मिनिटं पेडलशी बोलून घ्यावं, असं मी पोरांना सांगतो. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर तेल कुठूनतरी निसटतंय: बाहेर गळतंय किंवा मास्टरच्या आत कप, म्हणजे पिस्टनवरचं रबरी सील, सोडतोय. पहिल्या दाबाला खोल गेलं पण तळाशी दगडासारखं टणक लागलं, तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) आणि ड्रम यांमधली फट वाढलीय. तिथे हवेचा संबंध नसतो, आणि शंभर वेळा हवा काढली तरी फरक पडत नाही. दाबत गेलं की रबराचा चेंडू दाबल्यासारखं लागलं, पाय सैल केला की परत वर ढकललं, तर हवा.

इथे तिन्हींची खिचडी होती. पहिला दाब दोन तृतीयांश खाली आणि तोही रबरी. भराभर तीनदा मारलं की पेडल वर येत होतं. तसंच मिनिटभर धरलं तर केसभर खाली सरकत होतं. म्हणजे हवा होती, फट होती आणि कुठेतरी थोडी गळतीही होती.

हवेनं एवढा फरक का पडतो, याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. या मास्टर सिलिंडरचं भोक 19 मिलिमीटरचं. पिस्टन 30 मिलिमीटर सरकला तर साडेआठ सीसी तेल पुढे जातं. तेवढीच आपली सगळी पुंजी. आता लाइनमध्ये फक्त 1 सीसी हवा अडकलीय असं धरा. लाइनचा दाब 40 बारवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण चाळीसपट गेला की ती हवा चाळिसाव्या हिश्श्याएवढी होते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच. तिची जागा भरायला तेवढं तेल लागतं आणि पिस्टन साडेतीन मिलिमीटर फुकट सरकतो. पेडलचं गुणोत्तर पाचास एक धरलं तर पायाखाली 17 मिलिमीटर वाया. बोटाच्या टोकाएवढ्या हवेला पाऊण इंच पेडल! 2 सीसी असली तर दीड इंच. फोर्कलिफ्टच्या पेडलला मुळात फार चाल नसतेच.

खाली काय सापडलं

काटे जमिनीला टेकवले, बॅटरीचा प्लग काढला, मागच्या चाकांना घसरू नयेत म्हणून अडसर लावले आणि पुढून जॅकनं उचलून चॅसीखाली ठोकळे दिले. जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. हे वाक्य मी प्रत्येक कामात एकदा तरी म्हणतो, पोरं हसतात, हसू देत.

तेलाची परीक्षा आधी घेतली. चहाच्या कागदी कपात पाणी घेतलं आणि टाकीतलं चार थेंब तेल त्यात टाकलं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, हायड्रॉलिक ऑइल वर तरंगतं. हे करायचं कारण असं, की फोर्कलिफ्ट असलेल्या प्रत्येक ठिकाणी मास्टसाठी, म्हणजे काटे वर-खाली करणाऱ्या खांबासाठी, आणलेला हायड्रॉलिक ऑइलचा डबा पडलेला असतो, आणि कुणीतरी सदिच्छेनं त्यातलं तेल ब्रेकच्या टाकीत ओततं. मागे एका गोदामात असा प्रकार पाहिलाय. दोन्ही तेलांसाठी रबर वेगळं लागतं. ब्रेक ऑइलसाठी बनवलेले कप खनिज तेलात फुगतात, सिलिंडरमध्ये अडकून बसतात आणि ब्रेक सुटतच नाही. तिथे सगळे रबरी पार्ट बदलावे लागले होते. इथे थेंब विरघळले. एक काळजी मिटली. तेलाचा रंग मात्र काळ्या चहासारखा होता.

डाव्या चाकाचा ड्रम काढला, सगळं कोरडं. उजव्या चाकाचा काढला आणि व्हील सिलिंडरची (चाकातला, शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) धूळटोपी नखानं उचलली, तर आतून तेल ओघळलं. शूवरचे लायनर ओले. टायरच्या आतल्या बाजूला ओघळाचा डाग, त्यावर धूळ बसून तो लपून गेलेला. टाकीतलं तेल इथे जात होतं. मास्टर बिचारा निर्दोष होता, त्याला उगाच काढलं होतं.

सिलिंडर सोडवून पिस्टन बाहेर काढला. आत गंजाचे खड्डे, त्यांनी कपाची धार खाल्लेली. इथे ते दव आठवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. डॉट 3 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजं असताना किमान 205 अंश असावा लागतो, 3.7 टक्के पाणी शिरल्यावर 140. रस्त्यावरच्या गाड्यांत हा आकडा महत्त्वाचा, घाटात तेल उकळून ब्रेक जातात. फोर्कलिफ्टमध्ये मला त्याची फारशी भीती वाटत नाही, इतका ब्रेक तापतच नाही. इथे पाण्याचा दुसराच उपद्रव: गंज. मोटरच्या ओढीमुळे पेडल वापरात नाही, त्यामुळे पिस्टन हलत नाही, त्यामुळे ओलसर तेल एकाच जागी महिनोन्‌महिने बसून. वापर कमी म्हणून ब्रेक टिकला असं कुणी म्हणालं, तर कोल्ड स्टोरेजच्या मशीनपुरतं तरी मी मान्य करणार नाही.

शूची फट कमी करणारं स्टार व्हीलही गंजून जाम होतं. या प्रकारात मागे जाताना ब्रेक मारला की ते आपोआप एकेक दात सरकतं. पण ब्रेक मारतोय कोण?

नाशिकहून उजव्या-डाव्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर आणि लायनर मागवले. एकाच बाजूचं बदललं तर मशीन एकीकडे ओढतं. सामान येईपर्यंत दुपारचे अडीच झाले. तेवढ्यात स्टार व्हील सोडवून, साफ करून, जरासं ग्रीस लावून ठेवलं. नवे शू बसवताना फट आधीच जुळवून घेतली, ड्रम हातानं फिरवल्यावर हलकंसं घासेल इतपत. हे हवा काढायच्या आधी करायचं असतं. चार वेळा हवा काढणाऱ्यांनी हे एकदाही केलं नव्हतं.

हवा कुठे बसली होती

आता मास्टरकडे वळलो. पेडलच्या दांडीला किंचित मोकळीक आहे का ते पाहिलं. होती. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, ब्रेक चिकटून राहतो आणि हवेलाही वर जायला वाट मिळत नाही.

मग मास्टरचा पाइप सोडवला आणि त्याच्या तोंडाला बूच मारलं. आता पेडलपुढे फक्त मास्टर होता. दाबलं तर दगड लागायला हवा होता. लागला रबर. म्हणजे हवा मास्टरच्या पोटातच होती. साहेबांचा चेहरा उजळला, "म्हटलं नव्हतं, पीस खराब आहे?" पीस खराब नव्हता, बसवण्याची पद्धत चुकली होती. या मशीनवर मास्टर फ्लोअर प्लेटखाली तिरका बसतो, बंद टोक वरच्या बाजूला. कोरडा सिलिंडर तसाच बसवला तर त्या वरच्या कोपऱ्यात हवेचा गोळा राहतो. पेडल मारलं की तो आक्रसतो, सोडलं की पुन्हा फुगतो, पण जागा सोडत नाही. चाकाच्या निपलमधून बुडबुडे येणं बंद होतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम.

दोन बोल्ट काढून मास्टर वाइसमध्ये आडवा धरला. तोंडाला नळी लावून तिचं दुसरं टोक त्याच्याच टाकीत, तेलाखाली बुडवलं. गोल दांडीनं पिस्टन सावकाश ढकलला, सावकाश सोडला. पंधरा-वीस वेळा. आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसतं तेल. बूच मारून परत बसवला आणि पेडल दाबलं. दगड! नवीन मास्टरचा खर्च इथे वाचला.

पाइप जोडले. आधी नेहमीच्या पद्धतीनं पुढे तेल ढकलून लाइनमधलं काळं तेल चाकांच्या निपलमधून बाहेर काढलं, लांबचं चाक आधी, जवळचं नंतर. यात एक चूक फार होते, आणि इथेही झाली असणार. निपल बंद व्हायच्या आत वरचा माणूस पाय उचलतो. बाहेर आलेल्या तेलाच्या जागी निपलच्या आट्यांतून हवा आत ओढली जाते. पॅकहाऊसमध्ये कॉम्प्रेसरचा एवढा आवाज असतो की खालच्याचं "थांब" वर पोचतच नाही. आम्ही बोलणं सोडून चॅसीवर पान्यानं ठोकायचं ठरवलं: एक ठोका दाब, दोन ठोके सोड.

लाइन स्वच्छ झाल्यावर उलटी पद्धत घेतली. टाकीतलं तेल निम्मं काढून ठेवलं, सिरिंजमध्ये ताजं तेल भरलं, नळीतली हवा आधी बाहेर काढली आणि निपल सैल करून तेल चाकाकडून वर टाकीकडे ढकललं. हवेला वर जायचंच असतं. नेहमीच्या पद्धतीत आपण तिला खाली, चाकाकडे हाकत असतो, या पद्धतीत तिच्या मनासारखं होतं. टाकीत दोन-तीनदा बुडबुड झालं, बघत उभे असलेले सगळे खूष. हे करण्याआधी लाइन धुऊन घेणं मात्र आवश्यक, नाहीतर तळाचा गाळ मास्टरच्या बारीक भोकात जाऊन बसेल. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता. हे तेल रंग खातं आणि खाण्याच्या मालाच्या जागी ते सांडलेलं चालत नाही.

पेडल आता अर्ध्यावर धरत होतं. पण शेवटी अजून रबर होता. थोडाच, पण होता.

इथे माझा पाऊण तास गेला. पुन्हा सिरिंज, पुन्हा निपल, एक बुडबुडा नाही. सगळे जोड तपासले, कोरडे. बूच मारल्यावर मास्टर दगड होता, म्हणजे दोष त्याच्या पुढे. व्हील सिलिंडर नवे, निपल वरच्या बाजूला, तिथे हवा राहायचं कारण नाही. चहा आला. हेल्पर माझ्या शेजारी उकिडवा बसून पाइप बघत होता. म्हणाला, "भाऊ, त्या स्विचच्या खाली पण तेल असतं का?"

एक्सलच्या माथ्यावर टी-जोड होता. मास्टरकडून आलेला पाइप तिथे दोन चाकांसाठी फुटतो. त्याच टी-जोडावर, उभा, तोंड खाली करून ब्रेक लाइटचा स्विच बसवला होता. तेलाच्या दाबावर चालणारा, महिनाभरापूर्वीच बदललेला. म्हणजे सबंध लाइनमधली सगळ्यात उंच जागा आणि वर बंद गल्ली. तेल पुढून येवो की मागून, ते त्या गल्लीच्या तोंडावरून जाणार, आत शिरणार नाही. नवीन स्विच लावताना आत कोंडलेली हवा चार वेळाच काय, चाळीस वेळा हवा काढली तरी तिथेच बसून राहिली असती. मी इतकी वर्षं हे काम करतो आणि तो स्विच माझ्या डोळ्यांसमोर होता.

स्विचभोवती फडकं गुंडाळलं, हेल्परला पेडलवर हलका, अगदी हलका दाब द्यायला सांगितलं आणि स्विच अर्धा आटा सैल केला. फुस्स. मग फेस. मग तेल. घट्ट केला, तीनदा तेच केलं. तिसऱ्या वेळी फडक्यावर फक्त तेल. मी खालूनच ओरडलो, "आता दाब." वरून उत्तर आलं, "भाऊ, दबतच नाही!"

स्विच पुसून, घट्ट करून, पाच मिनिटं जोरानं पेडल धरून पाहिलं. खाली सरकलं नाही, कुठे ओल नाही. मशीन खाली उतरवून आधी रिकामं, चालण्याच्या वेगानं, मग भरलेल्या पॅलेटसह सपाट फरशीवर आणि शेवटी उतारावर थांबवून पाहिलं. आठ-दहा वेळा मुद्दाम मागे जाताना ब्रेक मारला, स्टार व्हील आपली जागा धरेल म्हणून. रात्री आठला किल्ली परत दिली. एकूण ताजं तेल लागलं अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त. उघड्या बाटलीत उरलेलं हेल्पर पुढच्या हंगामासाठी कपाटात ठेवायला निघाला होता, ते काढून घेतलं. टाकीवर मार्करनं तारीख लिहिली. पॅकहाऊसच्या वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या: रोज सकाळी पहिली फेरी मोटरच्या ओढीवर नाही, ब्रेकवर थांबवायची, आणि तेल दर वर्षी हंगामाआधी बदलायचं.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन. मला वाटलं पुन्हा मऊ झालं.

"मिस्त्री, ब्रेक जरा कमी करता येईल का? मामांनी काल सवयीनं दणकून पाय मारला, पॅलेटवरचे वरचे दोन खोके पुढे येऊन पडले."

म्हटलं, मामांना फोन द्या.

"मामा, पट्टी न बांधता पॅलेट उचललं होतं का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा म्हणाले, "त्याचं काय आहे, कंटेनर उभा होता ना."